पत्र्याच्या डब्यातला तिसरा भाग

अकरा वाजून गेले तरी कावळा पिंडाला शिवेना.

शहागडच्या घाटावर तातेराव उघड्या अंगानं हात जोडून उभा होता. बायकोचा दहावा होता. भाताचा पिंड फरशीवर ठेवलेला, त्यावर दही. कावळे होते पाच-सहा. लिंबाच्या फांदीवर बसून खाली बघत होते. पुलावरून जड ट्रक गेला की उडायचे आणि परत तिथंच येऊन बसायचे.

"इच्छा राह्यली तिची काहीतरी," तातेरावची थोरली बहीण द्वारकाबाई म्हणाली. "सांग तिला. तुला ठावं असंल."

तातेरावनं घसा साफ केला. "सगुणा, राजूरच्या गणपतीला जाऊन येतो. तुझा नवस फेडतो."

कावळे हलले नाहीत.

"तुझ्या भाचीचं लग्न मी लावून देतो. बराबर लावून देतो, काळजी करू नको."

एक कावळा उडाला आणि नदीपलीकडं गेला.

"तुझी शेळी विकणार न्हाई."

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. तातेराव आठवून आठवून सांगत होता. मोरीला दार. न्हाणीचा बंब. अठ्ठावीस वर्षांत ती जे जे एकदा तरी बोलली होती, ते सगळं. लोक घड्याळं बघायला लागले. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बायकोच्या मनातलं नवऱ्याला कधी कळलंय व्हय?" ती हळू बोलली होती, पण तातेरावला ऐकू आलं.

मग गर्दीतून अप्पाराव पुढं आला. अंबडला तातेरावच्या गल्लीत त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या खोलीत तो आणि अंथरुणाला खिळलेली त्याची आई, दोघंच राहायची.

"तात्या, मी एक बोलू का?"

"तू काय बोलणार?"

"बोलू दे रे," द्वारकाबाई म्हणाली. "ऊन चढून राह्यलं."

अप्पाराव पिंडापुढं उकिडवा बसला. "वहिनी, तिसरा भाग राह्यला तुमचा. आजच लावतो. आईजवळ तुमचा पाट मांडून लावतो."

"कसला भाग?" तातेरावनं विचारलं.

"सिनेमाचा. पंखाच्या घोड्याचा. मुंबईहून मागवलेला डबा हाये ना माझ्याकडं, तीन डीव्हीडीचा. वहिनी दुपारच्या आईपाशी बसायला यायच्या. दोन भाग पाह्यले आम्ही."

तो डबा तातेरावला माहीत होता. गल्लीत सगळ्यांनाच माहीत होता. अप्पारावच्या काचेच्या कपाटात तसले वीस-पंचवीस डबे ओळीनं लावलेले होते. सगळे राक्षसांचे, पऱ्यांचे, उडत्या घोड्यांचे. काही पत्र्याचे, काही जाड पुठ्ठ्याचे, वर सोनेरी अक्षरं. रोज मऊ फडक्यानं पुसायचा. कुणाला हात लावू द्यायचा नाही. पाहुणे आले तेव्हा तातेरावनं एक मागितला होता, तर म्हणाला, घरी न्यायला देत न्हाई, इथं येऊन बघा.

"ती बघायची?" तातेराव म्हणाला. "घरी टीव्ही लावला की झोपायची ती."

"झोपायच्या न्हाईत. घोडा आरशात अडकला तवा रडल्या. मंग आईला म्हणल्या, असं मधीच कसं सोडलं मेल्यांनी, ह्यांना लेकरंबाळं हायेत का न्हाई?"

द्वारकाबाईला हसू आलं. तिनं पदर डोळ्याला लावला. "हे तिचंच बोलणं. बिलकुल तिचं."

तातेरावलाही ते ऐकताना सगुणाच बोलल्यासारखी वाटली. हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं.

"मंग सुटतो का घोडा?" त्यानं विचारलं.

"ठावं न्हाई मला. मी पाह्यला न्हाई."

"डबा तुझाच ना?"

"वहिनी म्हणल्या होत्या, मी दवाखान्यातून येईस्तोवर तिसरा उघडू नका. त्याच्यावरचं प्लास्टिक बी काढलं न्हाई मी."

दवाखान्यात बारा दिवस तातेराव तिच्या उशाशी बसला होता. तिनं त्याला दुधाचं सांगितलं होतं, शेळीचं सांगितलं होतं, मागच्या दाराची कडी नीट लागत नाही हेही दोनदा सांगितलं होतं. घोड्याचं काही सांगितलं नव्हतं.

पंख वाजले. एक कावळा फांदीवरून उतरून फरशीच्या कडेला बसला.

गुरुजींनी हातानं सगळ्यांना मागं सरायची खूण केली. लोक सरकले. अप्पारावही उठून मागं गेला आणि डोळे मिटून हात जोडून उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. कावळा दोन उड्या मारून पुढं आला.

तातेराव कावळ्याकडं बघत नव्हता. तो अप्पारावच्या ओठांकडं बघत होता. मग तो दोन पावलं पुढं आला आणि पिंडाच्या समोर उभा राहिला.

"तात्या, मागं ये," द्वारकाबाई म्हणाली. "तू मधी हायस म्हणून तो येऊन न्हाई राह्यला."

"गुरुजी," तातेराव म्हणाला, "दर्भाचा कावळा करा."

गुरुजींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "अहो, कावळा आलाच नाही तर दर्भाचा करून शिववतात. हा तर आलाय. बाजूला व्हा तुम्ही."

कावळ्यानं मान तिरपी केली आणि तातेरावच्या पायांमधून पिंडाकडं बघितलं.

"दर्भाचा करा," तातेराव म्हणाला.