लेकीचं टेबल

छतावरचं आभाळ खोटं आहे हे कॅसिनोत शिरल्या शिरल्या वायरमनच्या लक्षात आलं, तरी तो मान वर करून बघतच राहिला. निळ्यावर पांढरे ढग रंगवलेले, आणि कडेच्या खाचेत दिवे असे दडवलेले की उजेड कुठून येतोय ते कळू नये. उभा जन्म वायरी ओढण्यात गेलेला माणूस तो. "काम बघ काम," असं बायकोला सांगत राहिला.

बायकोला त्या शहरातलं काहीच पटलं नव्हतं. सकाळी सहलीच्या बसमधून उतरल्यापासून ती नाक मुरडत होती. खिडक्या उघडत नाहीत, भिंतीवर कुठे घड्याळ नाही, हवेलासुद्धा अत्तर मारलेलं. न बोलावता कुणाच्या तरी लग्नात घुसल्यासारखं वाटतंय, म्हणाली. वायरमनला मात्र कारंजी आवडली होती, सरकते रस्ते आवडले होते, आणि दारात फुकट मिळालेली टोपी त्यानं अजून डोक्यावरून काढली नव्हती.

दोघं आली होती ती लेकीसाठी. ती याच कॅसिनोत पत्ते वाटायचं काम करायची. घरी येऊन तिला फार दिवस झाले होते. आज तिची सुट्टी होती, दिवसभर बरोबर हिंडायचं ठरलं होतं. पण सकाळीच तिचा फोन आला. गर्दीमुळे सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या होत्या, आणि तिची कामाची पाळी संपेपर्यंत यांची बस निघून गेलेली असणार होती. लांबून बघून जा, पण टेबलापाशी येऊ नका, असं तिनं बजावलं होतं. घरचं माणूस आपल्या टेबलावर बसलेलं कळलं तर उभ्या उभ्या नोकरी जायची.

म्हणून दोघं एका जाड खांबाआड उभी होती. हिरव्या टेबलामागे लेक मान खाली घालून पत्ते सरकवत होती. काळं जाकीट, केस घट्ट बांधलेले. हात इतके चपळ झाले होते की वायरमनला ते ओळखीचे वाटेनात.

"वाळलीय," बायको म्हणाली.

"टेबलावरच्या दिव्यामुळे तसं दिसतं," वायरमन म्हणाला, आणि पुन्हा छताकडे बघायला लागला. मान खाली केली तेव्हा बायको शेजारी नव्हती. ती सरळ चालत टेबलापाशी पोचली होती, आणि रिकाम्या खुर्चीवर मांडीवर पर्स घेऊन बसली होती.

लेकीनं वर बघितलं. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. तिच्या मागे सुपरवायझर हाताची घडी घालून उभा होता.

आईनं पर्समधून नोट काढली आणि हात लांब करून लेकीपुढे धरली. बोटं नोटेच्याही पुढे आली होती.

"टेबलावर ठेवा, मॅडम," लेक म्हणाली. "हातातून घेता येत नाही आम्हाला."

आईनं नोट टेबलावर ठेवली. लेकीनं ती बोटांच्या टोकांनी ओढून घेतली आणि तेवढ्या पैशांच्या खेळायच्या चकत्या पुढे सरकवल्या.

खेळ आईला कुठला येणार. शेजारच्या जाडजूड गृहस्थानं समजावून सांगितलं, पानांची बेरीज एकविसाच्या वर गेली की हरलात. पान पाहिजे तर टेबलावर बोट आपटा, नको तर हात आडवा फिरवा. तिनं मान डोलावली आणि बोट आपटलं. पान आलं. परत आपटलं. पान घेऊन लेकीचा हात पार तिच्या पुढ्यात यायचा, नखावरचा पांढरा ठिपका दिसेल इतका जवळ, आणि मागे जायचा. पान टाकण्याआधी लेकीचे ओठ हलायचे. खांबापर्यंत ते ऐकू येत नव्हतं.

आई हरत गेली. बेरीज चांगली झाली तरी बोट आपटायची. गृहस्थाला राहवेना.

"बाई, विसावर कुणी पान मागतं का?"

ती त्याच्याकडे बघून हसली आणि बोट आपटलं.

सुपरवायझर वाकून टेबलाकडे बघायला लागला तेव्हा वायरमन खांबाआडून बाहेर आला. त्यानं टोपी काढून हातात घेतली. टेबलावर आणखी एक खुर्ची रिकामी होती. तो चार पावलं तिकडे गेला आणि तिथेच थबकला. दोघं बसलो तर कुणाच्या तरी नजरेत येणार, हे त्याला कळत होतं. तो तिथेच, वाटेच्या मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के खात उभा राहिला.

चकत्या संपल्या. आईनं पुन्हा पर्स उघडली. लेकीनं मान हलवली, इतकी थोडी की कुणाच्या लक्षात येऊ नये. आईनं पर्स मिटली आणि उठली. उठणाऱ्या प्रत्येकाला म्हणतात तसं लेकीनं तिला 'पुन्हा या' म्हटलं, आणि पुढचे पत्ते वाटायला घेतले.

बसमध्ये बायकोनं खिडकीची जागा धरली. वायरमनला आता त्या शहराचा उबग आला होता. कधी एकदा घरी जातोय असं झालंय, म्हणाला. बायको म्हणाली, वाईट नाही हो, माणसं चांगली आहेत.

बस मोठ्या रस्त्याला लागली तरी तो चुळबुळत होता. शेवटी त्यानं विचारलंच.

"काय बोलत होती गं तुझ्याशी, मधूनमधून?"

"काही नाही. अजून हवं का, म्हणून विचारायची."

"मग?"

"मग काय," ती काचेकडे तोंड करून म्हणाली. "मी हो म्हणायचे."