चौथ्या वळणावरची हाक

"पुढे मास्तर," सुतार म्हणाला आणि त्याने हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला.

मास्तर सायकलच्या टायरमधली हवा तिसऱ्यांदा दाबून बघत होते. "आज पोस्टमनला जाऊ दे की पुढे," ते म्हणाले.

"मी पुढे गेलो तर आपण तिघंही पत्त्यावर पोहोचत नाही," पोस्टमन म्हणाला. "पुढे तूच. घोडं कुठे पेंड खातंय?"

डोंगरमाथ्यावरून खालच्या धरणापर्यंत बारा किलोमीटरचा उतार होता. पायवाट जंगलातून जाई, आणि तिच्यावर सात वळणं अशी होती की पलीकडचं काही दिसत नसे. तिघांचा नियम वीस वर्षांचा. पुढच्याने वळणावर थांबायचं, पलीकडे बघायचं आणि "वाट मोकळी!" अशी हाक द्यायची. हाक ऐकली की मागच्यांनी ब्रेकला बोट न लावता सुटायचं. उताराची सगळी मजा त्या न लावलेल्या बोटात होती. डोळे पुढच्याचे, चाकं मागच्यांची.

मागच्या वर्षी चौथ्या वळणावर मास्तरांनी हाक दिली ती न थांबता, न बघता. वीस वर्षांत तिथे कधी काही आडवं आलं नव्हतं, आणि मास्तर त्या दिवशी भलतेच रंगात होते. वळण घेतल्यावर त्यांना वाटेत पडलेला ओंडका दिसला. ते स्वतः त्याच्या टोकाशेजारून कसेबसे निसटले. मागे वळून ओरडेपर्यंत सुतार त्यावर आदळला होता. पाय दोन ठिकाणी मोडला. जिवावरचं पायावर निभावलं, असं जो तो म्हणाला.

"मी गेल्यावर पडला असणार," मास्तर त्या वेळी म्हणाले होते. ते वाक्य तोंडातून कसं निघालं ते त्यांनाही कळलं नाही. पण निघालं, आणि मग परत घेणं जमलं नाही. सुतार तीन महिने अंथरुणात होता. तो कामाला लागला तेव्हा मास्तर शाळा सुटली की रोज त्याच्याकडे जाऊ लागले. फळ्या धरायच्या, भुसा झाडायचा, करवतीला तेल लावायचं. असा मित्र मिळायला भाग्य लागतं, असं लोक म्हणत. मास्तर मान खाली घालत, आणि लोकांना तो विनय वाटे.

आज सकाळी सुताराच्या बायकोने त्यांना दारातच गाठलं. "भाऊजी, मी जाऊच देणार नव्हते यांना. पण हे म्हणाले, पुढे मास्तर असेल तर मला काही होत नाही."

मास्तरांनी नुसती मान हलवली.

पहिल्या वळणावर मास्तर सायकलवरून उतरले. पलीकडे पन्नास पावलं चालत गेले, परत आले आणि मग हाक दिली. दुसऱ्या वळणावर तसंच. तिसऱ्यावर त्यांनी मुठीएवढे दोन दगडसुद्धा उचलून बाजूला टाकले.

"मास्तर, वाट तपासतोयस की पेपर?" पोस्टमन वरून ओरडला.

हाक आली की सुतार सुटे, आणि वळणावरून जाताना त्याची बोटं ब्रेकपासून लांब असत. मास्तरांनी ते तिन्ही वेळा पाहिलं.

चौथ्या वळणावर आता ओंडका नव्हता. कोणीतरी तो कधीच कापून नेला होता. मास्तर पलीकडे जाऊन बघून आले. वाट स्वच्छ होती. त्यांनी तोंड उघडलं, पण हाक निघेना. ज्या हाकेने पाय मोडला, तिच्याच भरवशावर हा माणूस पुन्हा जीव सोपवणार होता, आणि त्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. हे मास्तरांना सहन होईना. ते वाटेच्या कडेला बसून राहिले.

हाकेशिवाय कोणी निघायचं नाही, हा नियमच होता. बऱ्याच वेळाने सुतार सायकल हातात धरून चालत खाली आला. मोडलेला पाय तो अजून थोडा जपूनच टाकत असे. पोस्टमन वर थांबला होता.

"काय झालं?"

"त्या दिवशी मी बघितलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "ओंडका आधीपासून पडलेला होता. मी न बघता हाक दिली, आणि वर खोटंही बोललो."

सुताराने सायकल झाडाला टेकवली. "माहीत आहे," तो म्हणाला.

मास्तर उठून उभे राहिले.

"माणसं येईपर्यंत तासभर मी त्या ओंडक्याला डोकं टेकून पडलो होतो. त्याची मोडलेली बाजू काळी पडली होती. सालीखाली वाळवी लागली होती. चांगले पंधरा दिवस तरी तो तिथे असणार. सुताराला लाकडाबद्दल थाप मारायची म्हणजे कमाल आहे तुझी."

त्याचा आवाज चढला नव्हता. "राग होता. फार होता. तू रोज फळ्या धरायला यायचास, तेव्हा रोज वाटायचं, आज सांगेल."

मास्तरांचे डोळे भरून आले. "मग मला पुढे का ठेवलंस? वहिनींना तसं का सांगितलंस?"

सुताराने सायकल उचलून तिचं तोंड चढाकडे केलं आणि तो आला तसा पुन्हा वर, सुटायच्या जागी जाऊ लागला. चार पावलं गेल्यावर थांबला.

"पोस्टमन कधी बघेल, कधी नाही. माझंही तेच. न बघता हाक देणारच नाही, असा आपल्या तिघांत आता तू एकटाच आहेस."