डोंगराचं तोंड

हिमालयाच्या पोटात बोगदा खणताना कातळवाचक रोज लावावाच लागे. भेगेत शिरून पांढऱ्या गारगोटीत कोंडलेल्या पाण्याच्या थेंबावरून ते यंत्र सांगायचं, डोंगर इथे कधी फाटला, कधी सांधला, केव्हा वर सरकला. उत्तर नेहमी लाखो वर्षांपूर्वीचं असायचं.

आज पहिल्यांदाच बोगद्याच्या दाराजवळच्या भेगेत लावला, तर पडद्यावर आलं: कोंडलेला थेंब, नारळाचं पाणी.

भूशास्त्रज्ञ शलाकाने भिंग पुसून पुन्हा लावलं. उत्तर तेच. भेग भरून तिची गारगोटी व्हायला हजारो वर्षं लागतात, हे तिने कॉलेजात घोकलं होतं. यंत्र बिघडलंय की आपलंच डोकं, तिला कळेना.

"कोळेकरमामा, इथे कुणी नारळ फोडला होता का?"

"रोजच फोडतो की," मुकादम कोळेकर म्हणाले. "आपल्या साताऱ्याच्या पोरांचं त्याशिवाय पाऊल आत पडत नाही. पाणी ह्याच भेगेत ओततो. डोंगराचं तोंड म्हणतो आम्ही हिला."

शलाकाने गारगोटी निरखली. पांढरे पापुद्रे एकावर एक बसले होते आणि प्रत्येकात नारळाचा थेंब होता. म्हणजे डोंगर रोज उघडत होता आणि रोज मिटत होता?

"आजचा फोडलात?"

"सकाळीच."

आजचा पापुद्रा मात्र कुठेच नव्हता; भेग आज मिटलीच नव्हती. तिने भेगेवर हात ठेवला. आतून कोमट पाणी उलट बाहेर येत होतं. तिने बोट जिभेला लावलं. गोड होतं.

"मामा, पोरांना आधी बाहेर काढा," ती म्हणाली. "का, ते विचारू नका. मलाच कळलेलं नाही."