काकांची बंद गाडी

किक खालीच जाईना. ललितनं सगळा भार पायावर टाकला, तरी ती दगडासारखी अडून राहिली.

"पिस्टन जाम झालाय," तो म्हणाला.

"व्हई," खाटेवर बसलेले काशिनाथकाका म्हणाले. "सोळा वरीस एकाच जागावर शे ना."

ललित मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होता. सुरतेतल्या नवागामहून कॉलेज गाठायला दोन रिक्षा बदलाव्या लागायच्या आणि पहिलं लेक्चर रोज हुकायचं. हजेरी आणखी घसरली तर परीक्षेला बसू देणार नव्हते. हे कळल्यावर काकांनी अंगणातल्या मोटरसायकलवरचं प्लास्टिक ओढून काढलं होतं. "नीट कर, आनि तूच ठेव," एवढंच म्हणाले होते.

काका त्याच्या वडिलांचे मित्र. एकाच कारखान्यात दोघं लूम चालवायचे. ललित चार वर्षांचा असताना वडील अपघातात गेले आणि आई, रंजना, त्याला घेऊन माहेरी अमळनेरला गेली. त्याच्या ॲडमिशनसाठी ती सुरतेत परत आली तेव्हा खोली काकांनीच मिळवून दिली, त्यांच्याच गल्लीत. त्यांची बायको सुंदरा कधीच वारली होती. मूलबाळ नव्हतं.

घरी रंजना साडीला टिकल्या चिकटवत होती. गाडीचं ऐकून तिचा हात थांबला.

"त्या गाडीले हात नको लावू."

"का?"

"जुनी शे. धोका देई." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "काका काही बोलनात का?"

"काय बोलणार?"

ती पुन्हा टिकल्या लावू लागली.

ललितनं ऐकलं नाही. प्लगच्या भोकातून तेल सोडून त्यानं दोन दिवस वाट पाहिली, तेव्हा पिस्टन हलला. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा डिंक झाला होता. तो खरवडून काढला, जेट फुंकून मोकळे केले. पुढचे फोर्कचे पाइप मात्र वाकलेले होते. ते सोडवून तो उधन्याच्या लेथवाल्याकडे घेऊन गेला.

लेथवाल्यानं पाइप डोळ्यासमोर धरला. "आ गाडी सामेथी ठोकाई छे, भाई. जोरदार."

ललितला ते आधीच दिसायला हवं होतं. दोन्ही पाइप सारखेच मागे वाकले होते. समोर काहीतरी आल्याशिवाय ते तसे वाकत नाहीत.

परत आल्यावर त्यानं सहज विचारलं, "काका, ही शेवटची कधी चालली?"

काका म्हणाले, "पोळाना दुसरा दिवस व्हता."

ललितनं पाना खाली ठेवला. दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आई वडिलांच्या फोटोपुढे पान वाढायची. वडील पायी चालले होते, मागून मोटरसायकलवाल्यानं उडवलं आणि तो पळून गेला, असं तिनं त्याला लहानपणापासून सांगितलं होतं.

खोली कोणी दिली, सणाला मिठाई कोण आणतं, "तुनी माय बरी शे ना?" असं रोज खाली बघत कोण विचारतं, हे सगळं आता त्याला नीट समजलं.

आईला तो काही बोलला नाही. कॉलेजलाही गेला नाही. आठ दिवस गाडीवरच झपाटल्यासारखा राबला. ही गाडी काकांच्या समोर सुरू करायची आणि मगच तोंड उघडायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

रविवारी दुपारी चौथ्या किकला इंजिन पेटलं. धूर सोडत, खोकत गाडी चालू झाली. आवाज गल्लीभर गेला. काका घरातून बाहेर आले आणि भिंतीला धरून उभे राहिले.

ललितनं इंजिन बंद केलं.

"माझ्या वडिलांना ह्याच गाडीनं उडवलं ना?"

काका गाडीजवळ आले.

"पायी चालले होते ते. त्यांना रस्त्यात टाकून पळालात. आणि आता आम्हाला खोली देता, गाडी देता."

"हाई तुले कोन सांगं?"

"आईनं."

काकांनी डोळे मिटले. "रंजनावहिनी सांगस ना? मंग तेच खरं, बेटा."

"मग चला पोलीस चौकीत. हेच तिथं सांगा."

"चाल," काका म्हणाले आणि पायात चपला सरकवू लागले.

त्यांचं मनगट पकडून ललितनं त्यांना अंगणाबाहेर ओढलं. दारात रंजना उभी होती. गाडीचा आवाज ऐकून ती पळत आली होती, हाताला अजून टिकल्या चिकटलेल्या होत्या.

"वहिनी, तुम्ही घर जा," काका घाईघाईनं म्हणाले. "पोरगाले काही सांगू नका."

रंजना हलली नाही.

"त्यास्ना हात सोड, ललित," ती म्हणाली. "पायी सुंदरावहिनी चालनी व्हती. गाडीवर तुना बाप व्हता. दोन्ही तठेच गयात."