खंजिरीवरची कणी
माझ्या सुपातली कणी खंजिरीवर सांडली आणि सामसूम घरात तडतड वाजलं. तिरोडीच्या खाणीत सुरुंगानं ह्यांचे कान गेले, तेव्हापासून ही भजनाची खंजिरी आमच्या शेवंताचं खेळणं झाली होती. स्वतःचा आवाज कळेना म्हणून ह्यांनी बोलणंच सोडलं होतं. शेवंता खंजिरीवर वाकून ओरडली, "बाबा!" कणी उडाली; हे बघतच राहिले. तिनं ह्यांची बोटं कातड्याखाली टेकवली आणि पुन्हा हाक मारली. थरथर बोटांत उतरली, हात निघेना. मग हे स्वतःच खंजिरीवर वाकून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "शेवंते, तुह्या मायले सांग, तांदूळ निवडाले असते, नाचवाले नाई." शब्दाशब्दाला कणी नाचली. मला हसू आवरेना. लेकीनं मात्र विचारलं, "माय, बाबाचे कान गेले तवा मी बोलत नव्हती ना?" "हौ, तान्ही होती तू." "मंग बाबाच्या मनात माहा आवाज कसा असन?"