पाठवणाऱ्याचं नाव

कस्टमच्या साहेबांनी डबी टेबलावर उपडी केली आणि नाणी बोटाने एका रांगेत लावली. तांब्याच्या शिवराया, दोन ढब्बू पैसे, राणीच्या छापाचे तीन जुने पाव आणे.

तोतारामला त्यातलं एकेक नाणं ओळखीचं होतं. पाचोऱ्याच्या तांबटाकडे मोडीत आलेली ती नाणी भट्टीत जाण्याआधी त्यानेच निवडून घेतली होती. आता मात्र त्यांच्याकडे बघायचं त्याला धाडस होईना.

"डबीवर काय लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

"बटणं."

"ही बटणं आहेत?"

तोतारामने टोपी काढून हातात घेतली.

तीस वर्षं रेल्वेच्या खिडकीत तिकिटं देऊन तो निवृत्त झाला होता. नाण्यांचा नाद जुना. जर्मनीतल्या एका शाळामास्तराशी त्याचा पत्रव्यवहार होता. हा इकडची नाणी पाठवायचा, तो तिकडची. दोनदा डबी सुखरूप पोचली. तिसरी मुंबईच्या कस्टमने फोडली. मग पोस्टमास्तरांनी घरी निरोप धाडला, मुंबईचे साहेब जळगावला आलेत, नवराबायको दोघांनी जाऊन भेटा.

साहेब आवाज न चढवता सांगत होते. शंभर वर्षांवरची वस्तू परदेशी पाठवायला बंदी आहे. त्यात टपालाच्या फॉर्मवर खोटं लिहिलेलं. अशा गुन्ह्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यापुढचं तोतारामला नीट ऐकू आलं नाही.

"पाठवणाऱ्याचं नाव, कुंदाबाई तोताराम महाजन," साहेबांनी फॉर्म वाचला. "या आल्यात का?"

"आमचं कुटुंब. बाहेर बसलीय."

पेन्शनवर असलेल्या माणसाचं नाव परदेशी टपालावर नको, बाईमाणसाच्या नावाचा कुणी संशय घेत नाही, असा विचार तोतारामने तेव्हा केला होता. कुंदाबाईला सहीपुरतं लिहिता यायचं. त्याने बोट ठेवलं तिथे तिने सही केली होती. कशावर, ते तिने विचारलं नव्हतं.

साहेबांनी तिला आत बोलावलं. ती डोक्यावरचा पदर सावरत आली. टेबलावरची नाणी तिने पाहिली, मग नवऱ्याचा चेहरा पाहिला. तो पांढराफटक पडला होता.

"ही डबी कुणाची, बाई?"

"मनी शे," सगळं आपल्या अंगावर घेत ती लगेच म्हणाली. "बठ्ठं मनंच शे."

डबी कोणत्या देशात चालली होती, हे साहेबांनी विचारलं तेव्हा मात्र तिची नजर नवऱ्याकडे वळली. साहेबांनीही तोतारामकडे बघितलं. तोताराम खाली, फरशीकडे बघत होता. त्याने आता 'माझी' एवढा एक शब्द बोलायला हवा होता.

"अक्षर कुणाचं आहे ते मला दिसतंय," साहेब म्हणाले. "पण मला कागदावरच्या नावाशी काम."

त्यांनी तिचा जबाब लिहून घेतला. नाणी जप्त झाली. पुढचं काय ते मुंबईहून पत्राने कळेल, असं त्यांनी सांगितलं आणि कागद पुढे केला. कुंदाबाईने नवऱ्याकडे बघून विचारलं, कुठे? तोतारामने बोट ठेवलं. तिने एकेक अक्षर जुळवत सही केली.

दोघं बाहेर आवारात आले. ऊन रणरणत होतं. कडुनिंबाखाली कुंदाबाई थांबली.

"ते पत्र मना नाववर येई ना?"

"हो."

"आजपावत मना नाववर एक बी पत्र उनं नही," ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. थोडी नवलाईच होती.

तोताराम तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने तिला ओट्यावर बसायला सांगितलं आणि तो पुन्हा पायऱ्या चढू लागला. दोनदा त्याला कठड्याचा आधार घ्यावा लागला.

साहेब डबीला लाखेचं सील करत होते.

"साहेब, त्या कागदावर नाव चुकलंय."

साहेबांनी मान वर केली नाही. हातातलं सील पुरतं दाबून झाल्यावर त्यांनी खण उघडला आणि एक कोरा कागद तोतारामपुढे सरकवला.