फळ्यावरची दुसरी ओळ

"दुसरी ओळ चुकलीय, पोरी." हुद्दार मास्तरांनी वाचनालयाच्या फळ्यावर काठी टेकवली. "आपल्या गावातलं पहिलं नाटक आजच्या तारखेला झालेलं नाही. मोबाइलवरून उतरवलंस ना?"

मी मान खाली घातली. माझे वडील, अण्णा, तीस वर्षं रोज सकाळी हा दिनविशेष लिहीत. त्या तारखेला कुठे नाटक झालं, कुठे छापखाना सुरू झाला. दोन पुस्तकांत सापडल्याशिवाय ते एक ओळ लिहीत नसत. त्यांना जाऊन सोळा दिवस झाले होते आणि फळ्यावर माझं अक्षर आज पहिल्यांदाच होतं.

"बंदच करू या फळा," वाचनालयाचे चिटणीस हळू आवाजात म्हणाले. "अण्णांसारखी शोधाशोध आता कोण करणार?"

"मी करणार," मी म्हणाले आणि आत गेले. नाट्यमंडळाची स्मरणिका आणि नगरपालिकेचा जुना अहवाल शोधायला तासभर लागला. दोन्हींत तारीख उद्याची होती.

बाहेर आले तेव्हा चिटणीसांनी ओलं फडकं पुढे केलं. मी ते घेतलं नाही. ज्यांनी सकाळी ती ओळ वाचली, त्यांना चूकही कळायला हवी होती. ओळीवर खडूने आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'ही नोंद न तपासता लिहिली. चूक माझी.' त्याखाली माझं नाव.

मास्तर चष्मा वर करून वाचत होते.

"नाव जरा मोठं काढ," ते म्हणाले. "उद्यापासून भांडायला कोणाकडे यायचं, ते लोकांना कळू दे."